राऊतांच्या फाटकावरचं रबर

शुक्रवारी सकाळी वानरांनी रतन राऊतांच्या फाटकावरची तार खाली ओढली आणि कमानीवर बसून अर्धा पुडा वेफर्स खाल्ले.

नागावात वानरं सगळ्यांच्याच वाड्यांत येतात. राऊतांच्या वाडीत ती मुक्काम करतात, कारण तिथे शहाळ्यांच्या जोडीला घरी उतरणाऱ्या पर्यटकांचा खाऊ मिळतो. त्यांच्यासाठीच रतनरावांनी वाडीभोवती झटक्याचं कुंपण घातलं होतं. उन्हावर चालणारी एक पत्र्याची पेटी सेकंदाला एकदा ‘टक’ असा आवाज करून तारेत झटका सोडत असे. हा झटका जीव घेत नाही, फक्त मत बदलतो. त्या सकाळी त्यांच्या बायकोने, कुमुदताईंनी, कुंपणाशेजारची जास्वंद काढायला पेटी बंद केली होती आणि मग चालू करायची राहिली होती. वानरांचा या बाबतीतला अभ्यास चांगला होता.

तार फाटकावरच्या लोखंडी कमानीला टेकू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असे. ती उन्हाने कुजली होती. रतनराव मागच्या पडवीत गेले. तिथे खिळ्यांवर काळ्या पट्ट्या टांगलेल्या होत्या. जुनी ट्यूब टाकून द्यायची नाही, कात्रीने तिच्या पट्ट्या करायच्या, ही त्यांची पद्धत. पंपाचा पाइप, वेलांचे मांडव, बादलीचा कान, न लागणारं कपाट, एकदा तर मुंबईच्या एका पाहुण्याची फुटलेली बॅग, असं सगळं त्यांनी या पट्ट्यांनी बांधलं होतं. त्यांनी हाताला लागली ती पट्टी घेतली, शिडी लावली आणि तार व कमान यांच्या मध्ये पट्टीचे घट्ट वेढे दिले. पट्टी अपेक्षेपेक्षा जास्त ताणली गेली.

“हल्ली ट्यूबा बऱ्या यायला लागल्या,” असं ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पेटी चालू केली.

ती ट्यूब नव्हती. ती त्यांच्या मुलीची चार वर्षांची मेहनत होती.

मैथिली मुंबईत पीएच.डी. करत होती. ताणलं तरी ज्यातून वीज जाते असं रबर बनवणं हा तिचा विषय. हृदयाच्या रोग्याच्या छातीवर पट्टी चिकटवली की ती कातडीबरोबर ताणली पाहिजे, आखडली पाहिजे, आणि तरी ठोक्यांचा संदेश तिच्यातून गेला पाहिजे. तांब्याची तार अशा ठिकाणी चार दिवसांत तुटते. मैथिलीचं रबर तुटत नसे, पण दमट हवेत फुगायचं आणि मग त्यातून वीज जाईनाशी व्हायची. आधीचे सगळे नमुने असेच गेले होते. हातभर लांबीची ही नवी पट्टी एकच होती. ती खाऱ्या हवेत टिकते का, हे बघायला मैथिली गुरुवारी पट्टी घेऊन घरी आली होती. वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशी जागा म्हणजे मागची पडवी, म्हणून तिने ती तिथे एका मोकळ्या खिळ्यावर टांगली. शेजारच्या खिळ्यांवर काय टांगलंय याचा विचार तिने केला नाही.

रविवारी तिच्या मार्गदर्शक, डॉ. नूतन पेंडसे, स्वतः पट्टी बघायला येणार होत्या. पट्टी टिकली असेल तर प्रबंध याच वर्षी द्यायचा. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून, आणि शिष्यवृत्ती तर याच वर्षी संपत होती.

रतनरावांना हा विषय पटलेला नव्हता. ते वीज कंपनीतून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. ‘रबरातून करंट जात न्हाय’ या एका वाक्यावर त्यांची नोकरी झाली, आणि शेवटच्या दिवशी त्यांची वीसच्या वीस बोटं शाबूत होती.

“हे वेगळं रबर आहे, दादा,” मैथिलीने आल्या दिवशी वडिलांना पुन्हा एकदा सांगून पाहिलं होतं.

“सगळे असंच सांगतात. आमच्या पेणच्या साहेबानं पन वेगळं रबर आणलं होतं. दोन हेल्पर महिनाभर दवाखान्यात होते.”

“ते खराब रबर होतं. माझ्या रबरातून मुद्दाम वीज जाते.”

“मुद्दाम?” रतनराव जेवता जेवता थांबले. “अगं, माणूस रबर घालतो ते कशाला?”

यावर कुमुदताईंनी दोघांना आमटी वाढली आणि चर्चा संपली.

*

तर शुक्रवारी पेटी टकटकू लागली, वीज तारेतून पट्टीत आली, पट्टीतून कमानीत, कमानीतून फाटकात, आणि तिथे थांबली. कमान चिऱ्याच्या कोरड्या खांबांवर उभी होती, त्यामुळे खाली जमिनीत जायला रस्ता नव्हता. कुणीतरी ओल्या पायांनी येणं आवश्यक होतं.

पहिला मोरू आला. मोरू म्हणजे शेजारच्या वाडीचा मालक. वालाला पाणी सोडून तो तसाच चिखलाच्या पायांनी पान्हा मागायला आला होता.

“रतनदादा! तुझं फाटक चावलं रे मला!”

“फाटक कसं चावंल? मुंगळा असंल.”

“मुंगळा खांद्यापर्यंत चावतो व्हय?”

रतनराव उठले, फाटकापाशी गेले आणि त्यांनी पंजा पसरून फाटकावर ठेवला. काही झालं नाही. होणारही नव्हतं. नोकरीतली सवय म्हणून ते नेहमी जाड रबरी तळव्यांचे बूट घालत. कुमुदताईंनी त्यांना फक्त देवघर आणि स्वयंपाकघर या दोन ठिकाणी मनाई केली होती.

“बघ. काय हाय?”

मोरूने बघितलं, पण हात लावला नाही. जाताना तो कुंपणाच्या दगडी गडग्यावरून उडी मारून गेला आणि त्यात गडग्याचा वरचा चिरा त्याच्याच वालात पडला.

मैथिलीला याच सुमारास पडवीत पट्टी दिसेनाशी झाली होती. तिने घरभर शोधलं, मग अंगणात आली.

“दादा, मागच्या खिळ्यावरची माझी पट्टी कुठे गेली? काळी, हातभर लांब.”

“हायत की तिथं. चार-पाच हायत.”

“त्या ट्यूबच्या. माझी लॅबमधली. ज्याच्यातून वीज जाते ती.”

रतनरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. सकाळी त्यांनी खिळ्यावरून रबराची पट्टी घेतली होती. रबरातून वीज जात नाही. म्हणजे मुलगी विचारते आहे ती पट्टी त्यांनी घेतलेली नव्हती. विचारात कुठेही चूक नव्हती.

“मी न्हाय बघितली,” ते म्हणाले. मग त्यांना सकाळचा प्रसंग आठवला. “वांदरं आली होती सकाळी. वरच्या खोलीतल्या पाहुण्या बाईंचा रुमाल नेला त्यांनी.”

मैथिलीने वर पाहिलं. वाडीत साठ-सत्तर माड आणि त्यांच्या मधल्या जागेत पोफळी होत्या. त्यातल्या एकाच्या शेंड्यावर तिचा प्रबंध असणार होता.

*

कुमुदताईंची पाळी दुपारी आली. विहिरीवर चादरी धुऊन, ओल्या पायांनी, भरलेली बादली घेऊन त्या पुढच्या दोरीवर वाळत घालायला निघाल्या. फाटक उघडायला हात लावला आणि पाहुण्यांच्या चादरी रस्त्यावर पडल्या.

“अहो, माझ्या डाव्या हातातून कळ गेली,” त्या पायरीवर बसून म्हणाल्या.

“डाव्या?” रतनराव घाबरले. “छातीत काय होतंय का?”

“नाही. नुसती कळ. टक करून.”

फाटकाला हात लावला होता हे त्या सांगायला विसरल्या, आणि मोरूच्या मुंगळ्याचं रतनरावांना त्या वेळी आठवलं नाही. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायला आणि मीठ बंद करायला सांगितलं. कुमुदताई सगळ्यांसाठी एकाच टोपात स्वयंपाक करत, त्यामुळे मीठ सगळ्यांचंच बंद झालं.

त्या रात्री वरच्या खोलीत उतरलेल्या पुण्याच्या कुलदीप आणि मनाली या जोडप्याने सुरमईचं कालवण चाखलं आणि एकमेकांकडे पाहिलं.

“काकू, मीठ मिळेल का?” कुलदीपने विचारलं.

“मीठ चांगलं नसतं हो,” कुमुदताई मायेने म्हणाल्या. “माझंच बघा.”

शनिवारी सकाळी समुद्रावरून केळ्याच्या आकाराच्या बोटीत बसून, चार वेळा पाण्यात पडून, कुलदीप अनवाणी परत आला. मनाली मागून चपला हातात घेऊन येत होती. कुलदीपने फाटक धरलं, ओरडला, आणि मागे सरकताना मनालीला धक्का लागून दोघंही बसली.

“काका! तुमच्या गेटला करंट आहे!”

“न्हाय, न्हाय,” रतनराव बूट वाजवत आले. “ते स्टॅटिक. थंडीत हवा कोरडी असते. तुमची पॅन्ट कसली हाय? नायलॉन? मग बरोबर.”

“मी आत्ता समुद्रातून आलोय. पॅन्ट पिळली तर बादली भरेल.”

“खारं पाणी,” रतनराव विचार करून म्हणाले. “त्यानं वाढत असंल.”

आवाज ऐकून मैथिली माडांखालून आली. तिने कालपासून वर बघून मान आखडून घेतली होती. नारळ काढणाऱ्या दादूला तिने तीन माडांवर चढवलं होतं. त्याला एका ठिकाणी वरच्या खोलीतला रुमाल मिळाला, पट्टी मिळाली नव्हती.

“दादा, तार कमानीला लागत नाही ना? इन्सुलेशन बघितलंत?”

रतनरावांनी मुलीकडे पाहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, “कालच नवीन रबर बांधलंय. वायरमनला इन्सुलेशन शिकवतेस?”

“तसं नाही...”

“लाव हात.”

मैथिलीच्या पायात रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट होते, कारण वाडीत विंचू असतात. तिने हात लावला. काही झालं नाही. वडिलांनी बांधलेलं इन्सुलेशन चुकीचं असेल हे तिला तसंही शक्य वाटत नव्हतं. त्या बाबतीत तिचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता.

“स्टॅटिकच असेल,” ती कुलदीपला म्हणाली. “सॉरी हं. तुमच्या कॅमेऱ्याला झूम आहे का? त्या माडाच्या शेंड्यात काहीतरी काळं दिसतंय.”

ते घारीचं घरटं निघालं. संध्याकाळी कुलदीपने इंटरनेटवर अभिप्राय लिहिला: ‘खोल्या स्वच्छ. माणसं प्रेमळ. जेवण अळणी. फाटक विजेचं.’ रात्रीच्या आत पुढच्या आठवड्याचं एक बुकिंग रद्द झालं. कुमुदताईंना पुन्हा कळ आली, पण ही खरी होती.

“मॅडमना काय सांगणार तू उद्या?” त्यांनी मैथिलीला विचारलं.

“वानराने नेली म्हणून सांगणार.”

“चार वर्षांचं?”

“आई, दुसरं काय सांगू? खरं तेच.”

रतनराव ओटीवर बसून ऐकत होते. मुलीच्या रबरावर त्यांचा विश्वास नसला तरी तिच्या रडवेल्या आवाजावर होता. ते उठून विजेरी घेऊन पोफळीत शोधायला गेले आणि मान आखडेपर्यंत परत आले नाहीत.

*

डॉ. नूतन पेंडसे रविवारी सकाळी मांडव्याहून रिक्षाने आल्या, पण नागावात शिरल्यावर समुद्र दिसला म्हणून त्यांनी रिक्षा किनाऱ्यावरच सोडली. उरलेला रस्ता त्या वाळूतून चालल्या. चपला पिशवीत, पाय घोट्यापर्यंत ओले. त्यांनी राऊतांचं फाटक उघडायला हात पुढे केला.

“आई गं!”

ओटीवरून तिघंही धावले. रतनराव सर्वांत पुढे होते.

“या मॅडम, या. काय न्हाय, स्टॅटिक हाय. हवा कोरडी—”

“समुद्राकाठी?” नूतन मॅडम हात चोळत म्हणाल्या. त्यांनी एक बोट पुढे केलं, पुन्हा फाटकाला लावलं आणि पुन्हा ओरडल्या. मग तिसऱ्यांदा लावलं. कुमुदताईंनी डोळे मिटून घेतले.

“सेकंदाला एक,” मॅडम म्हणाल्या. “स्टॅटिकला घड्याळ कळत नाही. ही टकटक कसली येते?”

“वांदरांची पेटी. पन तिचा फाटकाशी संबंध न्हाय.”

“तुम्हाला झटका बसत नाही?”

“न्हाय. बघा.” रतनरावांनी दोन्ही हातांनी फाटक धरलं.

मॅडमनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हळूहळू खाली पाहिलं.

“राऊतसाहेब, जरा बूट काढता?”

एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात आली नाही, हे त्यांना बुटाची पहिली नाडी सोडतानाच समजलं असावं. त्यांनी दोन्ही बूट काढले, मोजे काढले, सड्याच्या ओल्या मातीत उभे राहिले आणि हात लावला. ते ओरडले नाहीत. फक्त त्यांची टोपी पडली.

“पेटीची तार कमानीवरून जाते,” मॅडम वर बघत म्हणाल्या. “मध्ये काय आहे?”

“रबर,” रतनराव म्हणाले. आवाज जरा बारीक आला होता.

“कुठलं रबर?”

“ट्यूबचं. मागच्या पडवीतल्या खिळ्यावरचं.”

आता मैथिलीने वर पाहिलं. तीन दिवस ती वरच बघत होती, पण माडांकडे. कमानीवर एक काळी पट्टी ताणून बांधलेली होती आणि तिच्या लोंबत्या टोकाला चांदीच्या लेपाचा एक बारीक ठिपका चमकत होता. मीटरची पिन टेकवायला तो तिनेच लावला होता.

“दादा,” ती म्हणाली, “ती माझी आहे.”

पेटी टक, टक करत राहिली.

“मग तसं सांगितलं का न्हायस? पडवीत टांगलेली, काळी...” रतनराव सुरू झाले आणि थांबले. तिने नेमकं हेच म्हटलं होतं.

मैथिलीला रडावं की हसावं कळेना. “मॅडम, सॉरी. सॅम्पल गेलं. तिला गाठी मारल्यात, उन्हात होती, दुपटीच्या वर ताणलीय, रात्रभर दव—”

“थांब,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी चौथ्यांदा फाटकाला बोट लावलं आणि या वेळी ओरडताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. “दुपटीच्या वर ताणलीय. तीन दिवस खाऱ्या हवेत आहे. आणि अजूनही एका प्राध्यापिकेला, एका वायरमनला—”

“आणि मला,” कुमुदताई पुढे झाल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. “शुक्रवारी. डाव्या हातात. म्हणजे मला काहीच झालेलं नाही?”

“काही नाही. उलट तुम्ही मोजणीत मदत केलीत.”

“अहो, मीठ आणा आतलं!” कुमुदताई म्हणाल्या आणि स्वतःच आत गेल्या.

रतनरावांनी पेटी बंद केली, तिची चावी खिशात टाकली आणि शिडी लावली. नोकरीत असताना जसे खांबावर चढत तसे, एकेक पायरी तपासत ते वर गेले. मैथिलीने पट्टी कमानीवर तशीच ठेवून दोन्ही टोकांना मीटर लावला. मग दोघांनी ती सोडवली आणि पुन्हा मोजलं. आकडा गुरुवारच्या आकड्यापासून फारसा हललेला नव्हता.

“का टिकली?” मॅडमनी विचारलं.

“माहीत नाही,” मैथिली म्हणाली.

“उत्तम. प्रबंध या वर्षी दे. का टिकली हे शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधन’ म्हणून घाल.”

मैथिली शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. कुमुदताईंनी आतून खारवलेल्या कैरीची फोड आणून तिच्या तोंडात घातली.

रतनराव मात्र पट्टी हातात धरून उभे होते. त्यांनी ती ताणली, सोडली, वास घेतला. मग नखाने खरवडून पाहिली.

“मॅडम, एक विचारू? यातून करंट गेला, हे मी मानतो. माझ्याच अंगातून गेला.”

“मग?”

“मग हे रबर न्हाय.”

“दादा!” मैथिली म्हणाली.

“तू थांब. मॅडम शिकलेल्या हायत. आम्ही लाइनवर चढताना हातात काय घालतो? रबर. का? करंट थांबावा म्हणून. उद्या एखाद्या पोरानं हिच्या पुस्तकात वाचलं की रबरातून करंट जातो, आणि तो तसाच चढला, तर? नुसतं ताणतं म्हणून रबर म्हणायचं काय? ताणतं तर पिठाचा गोळा पन.”

मैथिलीने मॅडमकडे आधारासाठी पाहिलं. मॅडम आकाशाकडे बघत होत्या. मैथिलीला ही नजर ओळखीची होती. ती नजर आली की प्रयोगशाळेत कुणालाच दुपारच्या चहाला जायला मिळत नसे.

“तुझ्या प्रबंधाचं शीर्षक काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“वीजवाहक रबर: निर्मिती आणि गुणधर्म.”

“यात रबर कुठे आहे? पॉलियुरेथेन आहे, वीज वाहणारं पॉलिमर आहे. तू रबर वापरलंसच नाहीस.”

“पण मॅडम, शीर्षक तुम्हीच दिलं होतं.”

“चार वर्षांपूर्वी. तेव्हा राऊतसाहेब भेटले नव्हते.” त्या रतनरावांकडे वळल्या. “तुमचं बरोबर आहे. हे रबर नाही.”

“तेच मी सांगतोय,” रतनराव म्हणाले, आणि त्यांनी टोपी उचलून झटकून डोक्यावर घातली.

“शीर्षक बदलायला विद्यापीठाची समिती लागते,” मैथिली हळू आवाजात म्हणाली. “ती लवकर बसते का?”

“मी तिची अध्यक्ष आहे,” मॅडम म्हणाल्या. “लवकर बसत नाही.”

कुमुदताईंनी ओटीवर पानं मांडली. त्या दिवशी कालवणात मीठ जरा जास्तच होतं, पण मॅडमनी दोनदा मागून घेतलं. कुलदीप आणि मनालीलाही बोलावलं. मैथिलीने पट्टी काचेच्या बरणीत घालून बरणी आपल्या मांडीवर ठेवली आणि जेवण संपेपर्यंत ती खाली ठेवली नाही.

जेवण झाल्यावर रतनराव पडवीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन आले. या वेळी त्यांनी तिच्यावरचा कंपनीचा उठावदार छाप सगळ्यांना दाखवला. शिडी लावली, तार बसवली, वेढे दिले. खाली उतरून पेटी चालू केली. मग बूट काढले, मोजे काढले, आणि ओल्या मातीत उभं राहून त्यांनी फाटकाकडे हात नेला.

हात फाटकापासून वीतभर अंतरावर थांबला. ओटीवरून सगळे बघत होते. मोरूही गडग्यापलीकडून बघत होता.

“लाव की, रतनदादा,” मोरू म्हणाला. “रबरच हाय ना ते?”

“व्हय. रबरच.”

“मग?”

रतनरावांनी हात मागे घेतला आणि मान वळवली.

“मैथिली,” ते म्हणाले, “जरा तुझा मीटर आण गं.”